पीचचा डबा

"हळू चाल रे दादा, वाट झोपलीय!"

लहानग्या लिडियाचा तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. तेव्हा मी पाऊलभर रुंद होतो. हरणं जायची, त्यांच्यामागून शिकारी जायचे.

मित्रांनो, मी युकॉनमधला एक जुना महामार्ग आहे. त्या पायवाटेचा महामार्ग केला तो दुसऱ्या महायुद्धानं. सैनिक आले, त्यांची अवजड यंत्रं दलदलीत गळ्यापर्यंत रुतली. तेव्हा लिडियाच्या थोरल्या भावानं, एल्मरनं, त्यांना कोरडी वाट दाखवली. बदल्यात त्याला पीचचा एक डबा मिळाला. "सैनिकांच्या कचऱ्यात सापडला," असं त्यानं बहिणीला सांगितलं.

आठ महिन्यांत मी अलास्काला पोचलो. वर्तमानपत्रांनी माझे गोडवे गायले. पण माझ्यावरून गोवरही आला. त्या हिवाळ्यात वस्तीतली अकरा मुलं गेली. लिडिया तोवर आई झाली होती; तिची लेक नोरा चार वर्षांची होती. तापात तिनं मामाच्या हातून पीचची फोड चोखली आणि "अजून" म्हणाली. जमीन दगडासारखी गोठलेली. शेकोट्या पेटवून माती मऊ केली, तेव्हा कुठं माझ्या कडेला तिला निजवता आलं.

दर उन्हाळ्यात लिडिया त्याच रिकाम्या डब्यात रानफुलं ठेवायची आणि गुणगुणायची,

"ज्यानं दाखविली वाट, त्याला घर न सापडो,
त्याच्या चुलीवरी बर्फ बारा महिने पडो."

एल्मर शेजारी टोपी हातात धरून उभा असायचा. त्यानं घर कधी बांधलंच नाही. तंबूत राहिला.

आता माझ्याखालचा बर्फ वितळतोय. मी जागोजागी खचलोय. मित्रांनो, माझ्या भेगा बुजवा, पण माझ्यावरून जाताना जरा हळू जा. कडेला मुलं झोपली आहेत.

परवा मला दुसरीकडून वळवायला एक इंजिनिअर बाई आल्या. लिडिया फुलं ठेवत होती. बाईंनी शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या एल्मरला विचारलं,

"आजोबा, इथं कोरडी जमीन कुठं असेल?"

लिडिया खळखळून हसली. "त्याला काय विचारता, बाई? चाळीस वर्षं झाली, मेल्याला स्वतःचं घर सापडेना!"

एल्मर हसला नाही. डब्याकडे बघत राहिला.

"लिडे," तो म्हणाला, "हा डबा कचऱ्यात नव्हता सापडला. त्यांनी दिला मला. वाट दाखवली म्हणून."