थांबायला चाळीस मीटर

"त्या लाल गाडीची माहिती हवी," बाई दारातूनच म्हणाल्या.

"आधी बसा तर, ताई." पोपटरावांनी खुर्ची ओढली. बावीस वर्षं ते या शोरूममध्ये गाड्यांचे गुण घडाघडा म्हणून दाखवत होते. सहकाऱ्यांनी त्यावरून त्यांना पोपटराव केलं होतं आणि त्यांनीही ते हसत स्वीकारलं होतं. "ब्रिटिश बनावटीची मोटारसायकल आहे. मुलासाठी बघताय?"

"त्यानं अशीच नेली मार्चमध्ये. तुम्हीच दिलीत. महिन्याभरात गेला तो. वळणावर."

पोपटरावांना तो आठवला. शाळेत गणित शिकवणारा. किल्ली घेताना त्यानं दोनदा हात मिळवला होता.

"घरात जो तो गाडीला शिव्या घालतो," बाई म्हणाल्या. "मुलगा तिच्याबद्दल बोलायला लागला की मी म्हणायचे, आधी जेवून घे. मी ऐकलंच नाही कधी. त्याला जे सांगितलंत, ते मला सांगा."

पोपटरावांनी हळूहळू सुरुवात केली. "तीन सिलिंडर. एकशे अठरा हॉर्सपॉवर. साडेतीन सेकंदांत शंभरचा वेग. क्लच न दाबता गियर पडतो. आवाज आधी गुरगुरल्यासारखा, वेग वाढला की शिट्टीसारखा."

"हो, शिट्टी. तोंडानं काढून दाखवायचा." बाईंनी गाडीकडे पाहिलं. "आणि थांबते कशी?"

"ब्रेक उत्तम आहेत," पोपटराव सवयीनं बोलून गेले. मग त्यांनी मान खाली घातली. "पण शंभरच्या वेगात ब्रेक दाबला, तरी थांबायला चाळीस मीटर लागतातच. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. कुणी विचारल्याशिवाय सांगतच नाही."

बाईंनी गाडीच्या टाकीवर हात ठेवला.

"सांगितलं असतंत तरी त्यानं घेतलीच असती," त्या म्हणाल्या. "पण सांगायला हवं होतं."

"हवं होतं."

"मला बसता येईल?"

पोपटरावांनी त्यांना आधार देऊन गाडीवर बसवलं. पाय जमिनीला टेकेनात. हँडल धरायला त्या पुढे वाकल्या.

"एवढं वाकावं लागतं?"

"हो."

"तरीच पाठ दुखायची त्याची."

दारात दोन गिऱ्हाइकं येऊन उभी होती. आतून मालकांनी हाक मारली. गाडी स्टँडवर भक्कम उभी होती, पडायची भीती नव्हती. तरी पोपटराव ती दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले.