विचारल्याशिवाय सांगायचं नाही

बाईंनी आपल्या देशात चौदा वर्षं दवाखाना चालवला आणि चार हजारांच्या वर बाळंतपणं केली. इथे अमेरिकेत आल्यावर त्यांना नोकरी मिळाली ती पेशंटची. थट्टा नाही, खरंच पेशंटची. मेडिकल कॉलेजातल्या पोरांना पेशंटशी बोलायला शिकवतात, आणि त्यासाठी खोटे पेशंट लागतात. खरे पेशंट वैतागतात, शिवाय दर वीस मिनिटांनी तेच दुखणं त्याच शब्दांत सांगत नाहीत. बाई सांगत. मंगळवारी छातीत कळ, गुरुवारी पोटात उजवीकडे, शुक्रवारी नुसतंच 'हल्ली कशात मन लागत नाही'.

या कामाचा मुख्य नियम एकच: विचारल्याशिवाय सांगायचं नाही. छातीतली कळ डाव्या हातात उतरते हे पोराने विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर गप्प बसायचं आणि कागदोपत्री मरून जायचं. सुरुवातीला बाईंना हे फार जड गेलं. एकदा तर राहवलं नाही आणि "अरे बाबा, ईसीजी काढ ना आधी!" असं त्या ओरडल्या. लेखी समज मिळाली. त्यानंतर त्यांनी तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच.

वीस मिनिटं संपली की दुसरा भाग. आता पेशंटने पोराला तोंडावर सांगायचं, काय काय चुकलं. हात धुतले नाहीस. स्वतःचं नाव सांगितलं नाहीस. एका दमात तीन प्रश्न विचारलेस. यात मात्र बाईंचा हातखंडा होता. पोरं त्यांना टरकून असत.

आता एवढी शिकलीसवरलेली बाई हे कशासाठी करत होती? तर रेसिडेन्सीसाठी. अमेरिकन रेसिडेन्सीचा मामला असा, की बाहेर शिकलेल्या डॉक्टरने कितीही वर्षं डॉक्टरकी केलेली असो, परीक्षा पुन्हा द्यायच्या आणि हॉस्पिटलातली उमेदवारीही पुन्हा पहिल्यापासून करायची. त्या उमेदवारीसाठी अर्ज टाकायचे. कुणी बोलावलं तर मुलाखत. मग हॉस्पिटल आपली पसंती लिहून देतं, उमेदवार आपली, आणि एक कॉम्प्युटर बसून दोघांच्या गाठी मारतो. बाईंच्या परीक्षा कधीच झाल्या होत्या, मार्कही झकास होते. पण डिग्री जुनी झाली की बरीच हॉस्पिटलं अर्ज उघडूनसुद्धा बघत नाहीत, आणि बाईंच्या डिग्रीला वीस वर्षं झाली होती. तीन वर्षं अर्ज चालले होते. यंदाच्या एकशे चाळीस अर्जांतून एक बोलावणं आलं. त्या हॉस्पिटलची अट होती, डिग्री वीस वर्षांहून जुनी नको. पुढच्या वर्षी एकवीस होणार. म्हणजे पहिली मुलाखत हीच आणि शेवटचीही हीच.

नवऱ्याने तयारी करून घ्यायचा चंग बांधला. तो एका गोदामात सुपरवायझर होता आणि माणसं पारखण्यात आपला हात कुणी धरणार नाही असं त्याचं मत होतं. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून त्याने भारदस्त आवाजात विचारलं, "तुम्हाला बाळंतपणाचा अनुभव आहे का?"

"आहे," बाई म्हणाल्या.

नवरा वाट बघत बसला. बाईही बसल्या.

"अगं, पुढे बोल की! चार हजारांचा आकडा कुणासाठी राखून ठेवलायस?"

"तुम्ही विचारलंत कुठे, अहो?"

नवऱ्याने कपाळावर हात मारला. पण बाई ऐन वेळी बोलतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

कसलं काय! मुलाखत घेणारा विभागप्रमुख घाईत होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावरून नजर न काढता त्याने विचारलं, "ऑपरेशनं केली आहेत?"

"हो."

"एकटीने?"

"हो."

"अवघड केस हाताळलीय कधी?"

"हो."

बाईंना आतून कळत होतं. बोल, बये, बोल. पुराच्या वेळी कंदिलाच्या उजेडात आडवं आलेलं जुळं सोडवलंस, ते सांग. पण गप्प बसायची सवय अंगात इतकी मुरली होती, की विचारल्याच्या पलीकडे एक शब्द निघेना. तेरा मिनिटांत त्या जेमतेम वीस-पंचवीस शब्द बोलल्या असतील. मग प्रमुखांनी घड्याळ बघितलं. "तुम्हाला काही बोलायचंय?"

झालं! वेळ संपली, म्हणजे दुसरा भाग सुरू झाला. बाई ताठ बसल्या. "तुम्ही स्वतःचं नाव सांगितलं नाहीत. अकरा मिनिटं पडद्याकडे बघितलंत, माझ्याकडे दोन. सगळे प्रश्न हो-नाहीचे, मग समोरच्याने सांगायचं काय? आणि मला भीती कसली वाटते, ते विचारलंच नाहीत. ते नेहमी विचारावं."

बोलून झाल्यावर आपण कुठे बसलोय ते त्यांच्या ध्यानात आलं. प्रमुखांनी कॉम्प्युटर बंद केला, खुर्ची वळवली आणि सावकाश विचारलं, "कसली भीती वाटते तुम्हाला?"

आता विचारलं होतं.

"माझे हात विसरतील याची," बाई म्हणाल्या. "परवा बसमध्ये शेजारी एक गरोदर बाई उभी होती. कितवा महिना ते बघायला माझा हात आपसूक पुढे गेला. मग मी तो खिशात घातला."

प्रमुखांनी मान हलवली आणि वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. घरी नवऱ्याने खोदून खोदून विचारलं, किती ओळी लिहिल्या? पंधरा तरी असतील, बाई म्हणाल्या. पंधरा ओळी नकार द्यायला कोण लिहितं, असा नवऱ्याचा हिशेब पडला. बाईंनाही तो पटला. त्या दिवसापासून त्या सकाळी उठल्या की बोटांचे व्यायाम करू लागल्या.

मार्चमधल्या एका सोमवारी निकाल आला. एक ओळ: आपली जागा कुठेही जुळलेली नाही. दुपारी त्याच हॉस्पिटलचं पत्र आलं. प्रमुखांनी मनापासून लिहिलं होतं. इतकं नेमकं आपल्याला आजवर कुणी सुनावलं नव्हतं. जागा देता येत नाही, वाईट वाटतं. पण जुलैत नवे रेसिडेन्ट रुजू होतील, त्यांना शिकवायला बाईंनी यावं. पेशंट म्हणून.

"अगं, म्हणजे हॉस्पिटलात लागलीस तू!" नवरा म्हणाला. बाई मोरीत गेल्या, नळ सोडला आणि हमसून हमसून रडल्या. त्यांना फार वाईट वाटलं होतं, आणि त्याहून जास्त राग आला होता. नवरा दाराबाहेर उभा राहिला. नळ बंद झाल्यावर त्याने हळूच टॉवेल आत दिला. आठवड्याने बाईंनी होकार कळवला, कारण नकार देऊन जायचं कुठे?

जुलैत त्या पाठीला नाड्या असलेला गाऊन घालून खाटेवर बसल्या. पहिला रेसिडेन्ट सव्वीस वर्षांचा होता आणि गुणी होता. हात धुतले, नाव सांगितलं, एकेक प्रश्न विचारला, उत्तर संपेपर्यंत थांबला. कळ हातात उतरते का, तेही विचारलं. मग म्हणाला, "आपण काम काय करता?"

नेमून दिलेलं उत्तर होतं, कापडाच्या दुकानात. बाईंनी तोंड उघडलं.

"मी डॉक्टर आहे. बाळंतपणं करते."

पोराचे डोळे चमकले. शिकवणीतला छुपा सापळा त्याला बरोब्बर सापडला होता. आवाज मऊ करून त्याने विचारलं, "असं किती दिवसांपासून वाटतंय?"

"वीस वर्षं," बाई म्हणाल्या.

त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, धीर दिला आणि बाहेर जाऊन टिपण लिहिलं. गुण द्यायला ते बाईंच्याच हातात आलं. छातीत दुखणे, तीन दिवस, डाव्या हातात उतरते, तातडीने ईसीजी. त्याखाली: रुग्ण स्वतःला डॉक्टर समजतात. समज जुना आणि ठाम. वाद घालू नये. मानसोपचार तज्ज्ञांना दाखवावे.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग गुणांचा कागद पुढे ओढला. नाव सांगितलं का, हो. एका वेळी एकच प्रश्न विचारला का, हो. पेशंटचं म्हणणं नीट ऐकून, जसंच्या तसं टिपून घेतलं का? इथे त्या जरा थांबल्या. पेशंटचं म्हणणं खरं मानलं का, असा रकाना कागदावर नव्हता. पोराची काही चूक नव्हती. त्यांनी पूर्ण गुण दिले, खाली सही केली आणि दुसऱ्याला आत पाठवायला सांगितलं.