मावशीची वाहवा

मावशीच्या पोटात दुखत होतं, आणि त्यावरचं औषध कुठल्याच दुकानात मिळणारं नव्हतं. दुखण्याचं कारण भाचीच्या मोबाइलमध्ये बसलं होतं.

भाची लहान असल्यापासून मावशीकडे व्हायोलिन शिकायची. आता वाद्यवृंदाची निवड चाचणी तोंडावर आलेली. आणि ही पोरगी धडा संपला रे संपला की मोबाइलमधल्या त्या एआयला लिहायची, 'आज तो अवघड तुकडा वाजवला.' लगेच उत्तर यायचं, 'वा! किती जीव ओतलास!' आणि बाईसाहेब गालातल्या गालात हसायच्या. मावशीपुढे कधी अशी हसली होती? छे, नावच नको!

"अगं, त्यानं ऐकलं तरी का?" मावशी फणकारली. "एक सूर कानावर पडला नाही मेल्याच्या, आणि म्हणे जीव ओतलास!"

"माहितीये गं मावशी. पण गोड बोलतो, बरं वाटतं."

"त्यापेक्षा हा बरा!" मावशीनं स्टँडवरच्या ट्यूनरकडे बोट दाखवलं. सूर उतरला की त्याचा काटा डावीकडे जाणार म्हणजे जाणार, वाजवणारा राजा असो वा रंक. "मुका आहे, पण खोटं बोलत नाही."

ट्यूनरचा मावशीला कधीच हेवा वाटला नाही. तो बिचारा सूर मोजायचा आणि गप्प बसायचा. पण भाचीचं ते हसू? ते मावशीच्या हक्काचं होतं! घसा कोरडा करून शिकवायचं आपण, आणि लाडका कोण, तर तो मोबाइलमधला! तिचा नुसता जळफळाट झाला.

चाचणीच्या आदल्या दिवशी भाचीनं तो तुकडा वाजवला. वरचा लांब सूर घसरला, आणि मावशीच्या कानाला टोचला. एरवी तिनं तिथेच हात धरला असता. पण आज तिनं मनाशी पक्कं केलं होतं, तो म्हणतो तर मी का नाही?

"वा! काय जीव ओतलास गं! सुंदर!"

भाचीनं काट्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. ती हसली नाही.

"वरचा सूर उतरला ना?"

"अगं, एवढं तेवढं चालायचंच."

"का उतरला ते सांग ना. काट्याला ते कळत नाही." तिनं व्हायोलिन खाली घेतलं. "गोड बोलायला तो आहे की, मावशी. उद्या मी कुणाच्या शब्दावर विसंबू?"

मावशीचा चेहरा उतरला. "चौथं बोट आखडतंय तुझं," ती हळूच म्हणाली. आणि खरं तेच होतं.

भाचीनं बोटाकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"खरंच आखडतंय? की मी विचारलं म्हणून सांगतेयस?"