सलूनवरची शाखा

आमच्या हिनोकुरा गावच्या शाळेत मुलांच्या जेवणात जो तोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, असतो, तो गेली तीस वर्षं हात्सुएकाकू करते. यंदा शहरातल्या एका बड्या कंपनीने निविदा भरली आणि पाकिटं फोडल्यावर तिचा दर काकूपेक्षा तीन टक्क्यांनी कमी निघाला. एरवी हरकत नव्हती. गावातला धंदा पाच टक्क्यांपर्यंत महाग पडला तरी काम त्यालाच द्यायचं, असा आमच्या नगरपालिकेचा नियम आहे. पण कंपनीने नियम आमच्यापेक्षा नीट वाचला होता. तिने जानेवारीतच गावात शाखा उघडली होती. म्हणजे आता दोघेही गावकरी, आणि स्वस्त तो जिंकणार.

ही शाखा माझ्या सलूनच्या वरच्या खोलीत होती. एक गृहस्थ आले, वर्षाचं भाडं आगाऊ दिलं, पाटी ठोकली आणि गेले. आवाज नाही, पाहुणे नाहीत, नळ गळतो म्हणून तक्रार नाही. असा भाडेकरू मिळावा म्हणून लोक देवळात जाऊन घंटा वाजवतात.

"काय रे ओकिमुरा, माझ्या पोटावर पाय दिलास," काकू सलूनच्या दारातूनच कडाडली. "शाळेचं काम गेलं की दुकान बंद. मग मी राहायचं लेकीकडे, चौदाव्या मजल्यावर. तिची सासूही तिथेच आहे!"

"काकू, मला काय ठाऊक ती पाटी कशाला लावली?"

"वाचता येत नाही?"

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा सेगावा शाखेच्या तपासणीला आला; पाटी, पत्रपेटी आणि निदान एक माणूस असेल तरच ती शाखा धरायची, असा नियम. हा पोरगा इतका काटेकोर की केस किती मिलिमीटर ठेवायचे ते कागदावर लिहून आणतो. आम्ही जिना चढलो. पाटी आहे, त्याने खूण केली. पत्रपेटी आहे, खूण केली. मग तो जागीच थबकला.

दाराच्या कडीला गल्लीच्या चार फायली लटकत होत्या. आमच्याकडे सूचनांची फाईल घरोघर फिरते. वाचायची, शिक्का मारायचा, शेजारच्या दाराला अडकवायची. आज कोणता कचरा टाकायचा इथपासून कोणाचं मांजर हरवलं इथपर्यंत सगळं त्यात असतं. एखाद्या दारी ती चार दिवस अडली, तर आत कोणीतरी मरून पडलंय असंच गल्ली धरून चालते. इथली पहिली फाईल फेब्रुवारीतली होती; गल्लीतलं हे शेवटचं दार, त्यामुळे पुढून कोणी ती मागितलीच नव्हती.

सेगावा पांढराफटक पडला. "आत कोण असतं?"

"शाखा."

"वय?"

"तिसरा महिना."

त्याने सरळ रुग्णवाहिका बोलावली.

पाच मिनिटांत रुग्णवाहिका, हवालदार आणि सगळी गल्ली जिन्यावर. काकू एप्रनसकट धावत आली आणि तिने हात जोडले. "बिचारा! एवढ्या थंडीत, एकटाच. आणि मी त्याला मनातल्या मनात काय काय बोलले!"

मी किल्ली लावली. आत एक टेबल, एक खुर्ची आणि प्लास्टिकच्या वेष्टनातला कोरा फोन. हवालदाराने टेबलाखाली वाकून पाहिलं, कपाटही उघडलं.

"मेलेलं कोणी नाही," तो म्हणाला.

"आणि जिवंत?" काकूने विचारलं.

"तेही नाही."

सेगावाने अर्ज काढला. 'हजर कर्मचारी' या रकान्यात शून्य लिहिलं आणि खाली शेरा मारला: 'शाखेत मनुष्य आढळला नाही, कोणत्याही अवस्थेत.' रुग्णवाहिकेच्या डॉक्टरने साक्षीदार म्हणून सही केली.

दुपारी ते गृहस्थ शहरातून धापा टाकत आले. "अहो, मी रोज इथेच बसतो!"

"हो का? मग आज कोणता कचरा?" हवालदाराने विचारलं.

गृहस्थ छताकडे पाहू लागले.

"काचेच्या बाटल्या!" गल्ली एका सुरात ओरडली.

शाखा रद्द झाली आणि काम काकूला मिळालं. एप्रिलात नवं शालेय वर्ष सुरू झालं त्या पहाटे साडेचारला तिच्या दुकानातून वाफ निघत होती. मी डोकावलो.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "तीनशे वड्या, तीनशे! आणि हे आता वर्षभर. कंबर मोडली माझी. लेक म्हणते चौदाव्या मजल्यावरून समुद्र दिसतो, कोवळं ऊन येतं, आयता चहा मिळतो. माझ्या नशिबात कुठलं ते सुख!"

एवढं बोलून ती शीळ घालत पुढच्या पातेल्याकडे वळली.