सहाव्या गाण्यातले ठोके

काजल आणि उन्मेष, दोघांचाच बँड. स्टुडिओ परवडत नव्हता, म्हणून पहिला अल्बम त्यांनी वाडीतल्या एका गोदामावरच्या भाड्याच्या खोलीत, जुन्या माईकवर रेकॉर्ड केला. रस्त्यावरचे ट्रक, भोंगे, सगळं गाण्यांत उतरत होतं. ते तसंच राहू द्यायचं दोघांनी ठरवलं होतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, मनीषनगरला उन्मेषच्या घरी, ते आदल्या दिवशीची गाणी हेडफोन लावून ऐकत होते. सहाव्या गाण्यात, दोन कडव्यांच्या मधे, काजल थबकली.

"हे ठोके तू वाजवले का गा?"

"नाही वं. मी तर थांबलो होतो तिथं."

त्याने आवाज वाढवला. पत्र्यावर हाताने मारल्यासारखे तीन ठोके. मग कोणाचा तरी दबका आवाज, "उघडा."

काजलला आठवलं. गाता गाता तिला खालून धपधप ऐकू आलं होतं. माल उतरवून राहिले असतील, असं वाटून ती चिडली होती आणि त्यांना चूप करायला तिने जमिनीवर जोरात पाय आपटला होता. तो आवाजही रेकॉर्डिंगमध्ये होता. त्यानंतर खालचे ठोके भराभर पडू लागले, आणि गाणं संपायच्या आत बंद झाले.

"गोदाम शनिवारी किती वाजता बंद होते?" तिने विचारलं.

"एक वाजता. आपण चारला सुरू केलं." उन्मेषचा चेहरा उतरला. "आता सोमवारीच उघडते ते."

मालकाचा फोन लागेना. उन्मेषने पोलिसांना कळवलं आणि दोघं स्कूटरवर निघाले. बंद गोदाम, असं ऊन, चोवीस तास; काजलच्या डोक्यात तेवढंच फिरत होतं.

उन्मेषने शटर वाजवलं. आतून काहीच आवाज आला नाही. पोलीस पोचायच्या आतच समोरच्या पंक्चरवाल्याने सब्बल घालून कुलूप तोडलं. शटर वर गेलं तशी भट्टीसारखी वाफ तोंडावर आली. गोदामातले म्हातारे हमाल नत्थूजी दाराशीच पडले होते, खालच्या फटीकडे तोंड करून. पोत्यांमागे त्यांचा डोळा लागला होता आणि न बघताच कोणी शटर ओढलं होतं. ते एकटेच राहायचे, त्यामुळे रात्री शोधायलाही कोणी आलं नव्हतं.

काजलने त्यांच्या नाकापुढे हात धरला. आधी काहीच लागलं नाही. मग लागलं.

चार दिवसांनी ती एकटीच दवाखान्यात गेली. नत्थूजी उठून बसले होते.

"वरून कोणी तं पाय आपटला," ते म्हणाले. "मले वाटलं, ऐकलं कोणी. आता येतीलच. त्याच भरवशावर राहिलो."

"तो मी आपटला होता, काका. तुमचा आवाज बंद व्हावा म्हणून."

नत्थूजींनी खिडकीकडे तोंड वळवलं.

"हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पोरी."

अल्बम ऑगस्टमध्ये आला, ते गाणं वगळून. काजलने तो अजून ऐकलेला नाही. आता ती गाताना मधेच थांबते आणि उन्मेषला विचारते, तुले काही ऐकू आलं का.