उरवाईचा चढ

जगदेवरावांनी हिरव्या स्कूटरच्या पोटाखाली हात घातला, इंजिनाची धग तळव्यानं अजमावली आणि हात रुमालाला पुसला. दालबाजारातल्या त्या स्कूटरच्या दुकानात मालक लालाजींसकट सगळे बघत उभे होते. रिसाला मोडून ग्वाल्हेरची फौज दिल्लीच्या हाताखाली गेली त्याला बरीच वर्षं लोटली होती. पण हे माजी रिसालदार अजून कुठलीही वस्तू घोडा पारखावा तशीच पारखत. घरात नवी दुधाची चरवी आली तरी तिला आधी चारी बाजूंनी फिरून बघत.

"आबासाहेब, हीच घेऊ," त्यांचा मुलगा सूर्याजी म्हणाला. "हलकी आहे. छावणीतून मोतीमहाल म्हणजे एकदम सीधा रस्ता. सायकलनं शर्ट भिजतो, तेवढं वाचेल."

दाराशी पदर सावरून उभ्या असलेल्या दुर्गेनं नवऱ्याकडे पाहिलं. कुठला मोतीमहाल? तिथल्या सरकारी कचेरीत त्याच्या दफ्तराच्या पेट्यांवर खिळे ठोकले जात होते. दिवाळीच्या सुमारास मध्यभारत नावाचं राज्यच राहणार नव्हतं, नव्या राज्याचं सगळं भोपाळला भरणार होतं आणि सूर्याजीच्या बदलीचा हुकूम केव्हाच निघाला होता. हे त्यानं बायकोला कसंबसं सांगितलं होतं, आणि बापापुढं तर त्यानं तोंडात मिठाची गुळणीच धरली होती. सांगावं तरी कसं? सासूबाई गेल्यापासून आबासाहेबांचं जग या दोघांपुरतं उरलं होतं, आणि शिंदे की छावनी सोडून ते स्वर्गातही गेले नसते.

त्यात आबासाहेबांनीच एके सकाळी स्कूटरचा विषय काढला. आता गाडी दारात आली, की पोरगा ग्वाल्हेरात कायमचा रुजला असंच ते धरून चालणार. दुर्गेनं काल नवऱ्याला बजावलं होतं, की गाडी ठरण्याआधी तुम्ही बोला, नाहीतर मी बोलेन. आणि आज सकाळी कधी नव्हे ते सासऱ्यांनी तिलाही बाजारात बरोबर घेतलं.

"ती राखाडी?" जगदेवरावांनी विचारलं.

"वो भारी है, रिसालदार साहब. ताक़त ज़्यादा है, पर शक्ल वैसी नहीं," लालाजी म्हणाले.

"दोनों को उरवाई की चढ़ाई पे ले चलो."

लालाजींना हसू आवरेना. "अरे साहब, शहर में चलानी है, पहाड़ पे थोड़े ही चढ़ानी है!"

"घोड़ा चढ़ाई पे परखा जाता है, लालाजी." मग सुनेकडे न बघताच ते म्हणाले, "सूनबाई मागे बसेल. ओझ्याशिवाय पारख होत नसते."

ओझं म्हटल्याचा राग यायला दुर्गेला फुरसतच नव्हती. सासरे टांग्यात बसलेसुद्धा.

किल्ल्याच्या पायथ्याशी उरवाईच्या तोंडाशी टांगा थांबला. मागून सूर्याजी हिरवी गाडी आणि दुकानाचा मिस्त्री राखाडी गाडी घेऊन आला. जगदेवराव काठी टेकून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. सूर्याजीनं हिरव्या गाडीला किक मारली, दुर्गा एका अंगाला पाय सोडून मागे बसली आणि गाडी चढाला लागली.

पहिल्या वळणापर्यंत ती हौसेनं गेली. पुढं कड्यात कोरलेल्या प्रचंड मूर्ती दिसू लागल्या तशी गाडीची धाप वाढली. सूर्याजीनं गियर उतरवला, पुन्हा उतरवला. इंजिन खोकलं, बंद पडलं आणि गाडी चक्क मागं सरकू लागली. दुर्गेनं उडी टाकली. सूर्याजीनं दोन्ही पाय रोवून, ब्रेक दाबून गाडी कशीबशी धरली. त्याच्या मानेवरून घामाचे ओघळ येत होते.

"लागलं का?"

"नाही. पण आता तरी सांगा."

"या हालतीत?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती. दुर्गेला त्याची कीव आली आणि संतापही आला. हा माणूस कुणाला दुखवायचं नाही म्हणून सगळ्यांनाच दुखवणार होता.

दोघं गाडी घेऊन खाली आली. जगदेवरावांनी काठीनं राखाडी गाडी दाखवली.

राखाडी गाडी दिसायला म्हशीसारखी होती, पण चढली मुकाट्यानं. मूर्ती मागं पडल्या, वळण गेलं, आणि वर सपाटीवर येऊन सूर्याजीनं इंजिन बंद केलं. खाली लष्कर भागातली सारी वस्ती पसरलेली होती. छावणीतलं आपलं घर कुठलं, ते दुर्गेला इतक्या गर्दीत सापडेना.

"त्यांना एकटं टाकून कसं जायचं गं?" सूर्याजी हँडल न सोडता म्हणाला.

"ते मला ठाऊक नाही. पण न सांगता जायचं नाही. खाली गेल्यावर तुम्ही बोला, नाहीतर मी तोंड उघडते."

गाडी उतरून पायथ्याशी आली. जगदेवराव तिथंच, त्याच जागी उभे होते. सूर्याजीनं गाडी लावली आणि तो त्यांच्यापुढं गेला.

"आबासाहेब, मला एक सांगायचं—"

"वरच्या वळणावर गियर कुठला होता?"

"दुसरा. पण आबासाहेब—"

"पहिल्यावर यावं नाही लागलं?"

"नाही."

"मग चालेल." त्यांनी राखाडी गाडीच्या पाठीवर थाप मारली. "भोपाळ म्हणे टेकड्यांवरच वसलंय."

दुर्गेच्या हातातला पदर सुटला.

"कान्होजी आहे ना तुमच्या मोतीमहालात, दरवाजावर," जगदेवराव म्हणाले. "माझ्याच तुकडीतला. तुझ्या दफ्तराच्या पेट्या त्यानंच बांधल्या." मग म्हणाले, "आपण शिलेदार. दख्खनेतून आलो ते सरकारी घोड्यावर नाही, स्वतःच्या. या घरातून परमुलखी निघालेल्याला घोडं बापानं द्यायचं असतं. माझं मला मिळालं होतं."

"आबासाहेब, मी सांगणार होतो. रोज..."

"ठाऊक आहे." त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. आजवर त्या घरात त्यांचा आवाज हुकमाचाच ऐकू यायचा. आता तो विचारणाऱ्याचा झाला. "दसऱ्याची पूजा तेवढी इथं होईल ना या गाडीची?"

सासऱ्यांच्या प्रश्नाला दुर्गेनं कधी स्वतःहून उत्तर दिलं नव्हतं. ते तिनं आज दिलं.

"होईल आबासाहेब. दर दसऱ्याला इथंच होईल." आणि डोळे पुसायला न थांबता म्हणाली, "तुम्ही बसा मागे. मी टांग्यानं येते."

"मी? मागे?"

जन्मात ते कुणाच्या मागे बसले नव्हते. पण काठी त्यांनी सुनेच्या हातात दिली. त्यांचा डावा पाय सवयीनं घोड्याची रिकीब शोधत हवेत जरासा चाचपडला, मग ते बसले. हात आधी मांडीवर ठेवले. इंजिन सुरू झाल्यावर त्यांतला एक मुलाच्या खांद्यावर आला.

"सावकाश ने," ते म्हणाले. "घाई नाही कुणाला."