काजळीच्या मानेला हळद

पावसाळा तोंडावर आला की पलूसजवळच्या त्या केंद्रात दवाखान्यांचे फोन थांबेनासे होतात. ऊस कमरेला लागलेला असतो, तण काढायला, भांगलणीला बायका वाकलेल्या असतात आणि घोणसही तिथेच असते. सापाचं विष थोडं थोडं टोचून घोड्याच्या अंगात त्यावरचा उतारा तयार करायचा, मग मानेच्या शिरेतून रक्त काढून त्याचं इंजेक्शन बनवायचं, हे या केंद्राचं काम. लोकांना इंजेक्शन ठाऊक असतं, पण त्यामागचं घोडं कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

आकारामांच्या मात्र असायचं. सैन्यात खेचरांच्या तुकडीत नोकरी करून आलेले आकाराम केंद्रात घोड्यांचे मुकादम होते. गेल्या साली त्यांच्या सुनेला, पूजाला, उसात घोणस चावली आणि ती याच इंजेक्शनाने वाचली. तेव्हापासून आकाराम तबेल्यात शिरताना चपला बाहेर काढत. लिदीत पाय भरले तरी बेहत्तर!

त्यांची लाडकी घोडी काजळी. इतकी गुणाची, की सुई दिसली तरी मान हलवत नसे. या गुणाचा तिला तोटाच झाला. रक्त हवं असलं की आधी काजळी पुढे. घरात काय नि कचेरीत काय, जो कुरकुरत नाही त्याच्याच पाठीवर आपण ओझं टाकतो.

केंद्राच्या पशुवैद्य संयोगिता मॅडमनी एकदा काजळीचा ओठ उलटून आकारामांना हिरड्या दाखवल्या. गुलाबी असायला हव्यात त्या पांढुरक्या पडल्या होत्या. एकदा रक्त काढलं की पुरती विश्रांती द्यायची, अंगात रक्त भरून आलं का ते तपासायचं आणि मगच पुढची पाळी, हा नियम त्यांनी पुन्हा समजावला. मी सांगेपर्यंत हिला सुई लावू नका, असंही बजावलं. आकारामांनी मान डोलावली. पण मॅडम रजेवर गेल्या, मागणी वाढली, आणि आकारामांनी काजळीलाच पुढे केलं. घोड्यांची निगा राखणारा धुळा अडखळत म्हणाला, की मॅडम नको म्हणाल्यात.

"आरं, तिकडं माणसं तडफडत्यात," आकाराम म्हणाले. "एवढी एक खेप. बेंदराला तिचं लाड करू की."

लाड त्यांनी खरोखरच केले. बेंदूर हा बैलांचा सण; त्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, कारण जू तिथं बसतं. काजळीच्या मानेवर जू नव्हतं, पण सुई तिथंच बसत होती. म्हणून आकारामांनी तिच्या मानेला हळद-तूप चोळलं. कधी न हलणारी काजळी चटकन मागे सरली. आकाराम हसून म्हणाले, लाजली बघा.

दुसऱ्या दिवशी तिच्यावर झूल चढली, कपाळावर गोंडा आला. पूजाने तुपात भिजलेल्या पुरणपोळ्या ताट भरून आणल्या आणि डोळ्यांत पाणी आणून आपल्या हाताने घोडीला भरवल्या. तिचं पाहून कामगारांच्या घरची ताटंही आली. ज्याला त्याला काजळीलाच घास द्यायचा होता. फोटो निघाले, हलगी वाजली.

दुपारी काजळी सारखी वळून पोटाकडे पाहू लागली. घामाने झूल भिजली, मग ती जमिनीवर लोळू लागली. त्याच दिवशी रजेवरून परतलेल्या संयोगिता मॅडम धावत आल्या. नाकातून पोटात नळी घातली, औषधं दिली. दिवेलागणीच्या आत घोडी गेली.

पूजा काजळीशेजारी बसली. "जिच्यामुळं मी वाचले, तिला मीच माझ्या हातानं..."

"घोड्याला पोळ्या चालत नाहीत हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं, पूजा," मॅडम म्हणाल्या. मग त्या आकारामांकडे वळल्या. "पोळ्यांनी पोट बिघडलं, काका. पण धडधाकट घोडी कदाचित निभावली असती. हिच्या अंगात झुंजायला रक्तच नव्हतं."

आकाराम म्हणाले, "मी तिला देव मानत हुतो, म्याडम."

"म्हणूनच तिचा थकवा तुम्हाला दिसला नाही. देव कधी थकत नाही ना, काका! ही घोडी होती. हिला पोळी नको होती, विसावा हवा होता. आणि अशा खंगलेल्या जनावराच्या रक्तातून औषध तरी कसदार कुठून निघणार?"

आकाराम झुलीच्या गाठी सोडू लागले. दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून केंद्राच्या साहेबांकडे गेले आणि नियम आपण मोडला, धुळाला बोल लावू नका, असं सांगून आले.

बंधुभगिनींनो, हे इंजेक्शन नको असं आपल्यातलं कोण म्हणेल? उद्या आपल्याच घरच्या माणसाला ते लागेल. पण ज्या मुक्या जीवाकडून आपण ते घेतो, त्याचा विसावा, चारापाणी आणि उपचार हे आपले उपकार नाहीत. तो त्याचा हक्क आहे, आणि तो रोजच्या रोज दिला पाहिजे. वर्षभराची हयगय एका दिवसाच्या पूजेने फिटत नाही.

आता फोन कितीही वाजला तरी फिकट हिरड्यांचं जनावर आकाराम पुढे जाऊ देत नाहीत. दुसऱ्या केंद्राकडे मागा, असं सरळ सांगतात आणि वर बोलणीही खातात. परवा कामावर आलेल्या एका नव्या माणसाला ते ओठ उलटून हिरड्या कशा पाहायच्या ते दाखवत होते. त्याने सहज विचारलं, की हे तुम्ही कुणाकडून शिकलात?

"मेलेल्या घोडीकडनं," आकाराम म्हणाले, आणि पुढच्या घोड्याकडे वळले.